एक किलोमीटरच्या आत

(पडद्यावर मोबाईल. नकाशावर लाल फुगा.)

हा फुगा नीट बघा. आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या मोफत जागेचा, ऑनलाइन अर्ज भरताना पालकांना तो नेमका आपल्या घरावर आणून ठेवावा लागतो. तिथून शाळेपर्यंतचं अंतर मोजलं जातं. एक किलोमीटरच्या आत असाल, तर सोडतीत आधी विचार. फुगा चुकून पलीकडच्या गल्लीत सरकला आणि पडताळणीत ते सापडलं, तर लागलेला प्रवेशही जातो. म्हणून सायबर कॅफेवाला पुन्हा पुन्हा विचारतो, "ताई, हेच घर ना? नक्की?"

(सकाळ. पुण्यातल्या बाणेरचा रस्ता. पिवळ्या बस, दुचाकी, पायी निघालेली मुलं.)

एकाच चौकातून दोन शाळांची मुलं निघतात. टॉवरमधली बसने खासगी शाळेत, वस्तीतली चालत महापालिकेच्या शाळेत. टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी आणि त्या ज्या घरात कामाला जातात तिथला मुलगा एका वयाचे असले, तरी एका वर्गात बसायचा प्रश्न येत नाही. श्रीमंत-गरीब सगळ्यांची परिसरातली एकच शाळा असावी, हे कोठारी आयोगाने 1966 मध्येच सांगून ठेवलं होतं. ते कागदावर राहिलं.

कायद्याने उघडलेली फट एकच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 12(1)(सी). अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा सोडून विनाअनुदानित खासगी शाळांनी किमान 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या, पैसे सरकारने भरायचे. महाराष्ट्रात हा दर राहिला आहे वर्षाला मुलामागे 17,670 रुपये. तेही वेळेवर मिळत नाहीत, ही संस्थाचालकांची तक्रार. ती खरी आहे, आणि सोयीचीही.

दुर्बल घटक म्हणजे कोण? वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत. महिन्याला 8,333 रुपये. पुण्यात खोलीचं भाडं भरून एवढ्यात भागवणारं कुटुंब कुणी दाखवावं! अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी यांना ही अट नाही, तिथे जातीचा दाखला लागतो. बाकीचे उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या खिडकीशी. शिवाय भाडेकरार नोंदणीकृत हवा, आणि वस्तीतला खोलीमालक नोंदणीचं नाव काढलं की विषय बदलतो. म्हणजे अगदीच गरीब माणूस या रांगेत पोचतच नाही.

9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने ही फटही बुजवायला घेतली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. शहरात अशी शाळा कुठे नसते? पालक कोर्टात गेले. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि 19 जुलैला ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरवून रद्द केली. तोवर शाळांचा पहिला महिना सरला होता. बाकीच्यांचं अ-आ-इ सुरू, ही मुलं घरी.

(वर्ग. डब्याची सुट्टी.)

प्रवेश मिळाला की पुढची यादी. पुस्तकं, गणवेश मोफत द्यायचे असा नियम, पण पावती पालकांच्या हातात येते. व्हॅन वेगळी, स्नेहसंमेलनाचा पोशाख वेगळा. महापालिकेच्या शाळेत दुपारी खिचडी मिळायची, इथे पोषण आहार नाही. आणि शिक्षकांच्या खोलीत ही मुलं नावाने नाही, "आरटीईवाली" म्हणून ओळखली जातात.

तरी एकत्र बसल्याने काही होतं का? होतं. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीच्या खासगी शाळांमध्ये श्रीमंत मुलांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला लावला. वेगाने धावणारा गरीब मुलगा, की हळू धावणारा आपल्यातला? बक्षीस लहान असलं, की बरीच मुलं आपल्यातला घेत. रक्कम वाढवली, की गरिबाचा वेग दिसायला लागे! पण ज्यांच्या वर्गात गरीब मुलं आधीपासून होती, त्यांच्यात हा भेदभाव कमी आढळला.

महापालिकेच्या शाळेचं काय, हा प्रश्न उरतोच. फुगा नीट ठेवणारे, दाखल्यासाठी खेटे घालणारे पालक तिथून निघून गेले, की शौचालयाला पाणी का नाही म्हणून मुख्याध्यापकांना विचारायला कोण उरतं? बांधकामावरच्या मजुरांना तेवढी सवड नाही.

आणि खासगी शाळेतही हा हक्क आठवीपर्यंतच. नववीच्या तोंडावर घरी चिठ्ठी येते, यंदापासून पूर्ण फी. ज्या वर्षी सरकारकडून 17,670 घेतले, त्याच्या पुढच्या वर्षी सोडतीत मुलीचा नंबर लागलेल्या एखाद्या मावशींकडून लाखाच्या घरात. आठ वर्षं इंग्रजीत शिकलेल्या पोरीसाठी मावशी आता दुसरी शाळा शोधताहेत. इथे सोडत नाही, यादी नाही. वेबसाइटवर नववीचा रकानाच नाही.