पंचवटीतला डीएक्स-७

पडद्यावर जो गडद तपकिरी रंगाचा, धातूच्या अंगाचा कीबोर्ड दिसतो आहे, तो यामाहा कंपनीचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारे वाद्य आहे. १९८३ साली बाजारात आलेल्या या मॉडेलचा हा नग सध्या नाशिकला, पंचवटीतील एका ज्येष्ठ वादकांच्या घरी आहे आणि तो शोभेसाठी ठेवलेला नाही. वाद्यवृंदाचे कार्यक्रम त्यांनी आता कमी केले असले, तरी भावगीतांच्या कार्यक्रमाची तालीम ठरली की आजही हेच वाद्य स्टँडवर चढते. ६१ पट्ट्या, एका वेळी जास्तीत जास्त १६ स्वर आणि आतून उजेड नसलेला दोन ओळींचा डिस्प्ले एवढाच त्याचा संसार आहे. मंचावरचे दिवे मंद झाले की त्या डिस्प्लेवरचे टोनचे, म्हणजे निवडलेल्या आवाजाचे, नाव वाचता येत नाही, म्हणून जुन्या वादकांनी टोन नावांनी नव्हे, तर क्रमांकांनी पाठ केले. अकरा म्हटले की इलेक्ट्रिक पियानो, हे त्यांना झोपेतही सांगता येईल. कारखान्यातून आलेल्या ३२ टोनांच्या यादीत शेवटचे दोन आगगाडी आणि विमानोड्डाणाचे आहेत. ते कोणत्या गाण्यात वापरावेत, हा प्रश्न आमच्या वादकांना आजवर सुटलेला नाही.

या वाद्यात एकाही खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रण साठवलेले नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. पाच वर्षांनी, १९८८ साली आलेल्या कॉर्ग कंपनीच्या एम-१ या कीबोर्डमध्ये मुद्रित ध्वनींचे नमुने होते आणि पुढे बहुतेक कीबोर्ड त्याच वाटेने गेले. डीएक्स-७ मात्र प्रत्येक स्वर त्या क्षणी गणित करून घडवतो. त्यामागचे तत्त्व अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग यांना १९६७ साली सापडले. एका स्वराला ते दुसऱ्या लहरीने कंप देत होते आणि त्या कंपाचा वेग वाढवत होते. आपल्या कानाला आंदोलन म्हणून जे ओळखू येते, ते सेकंदाला पाच-सहा हेलकाव्यांचे असते. हाच वेग सेकंदाला शेकडो कंपनांपर्यंत नेला, तर कान ते हेलकावे वेगळे मोजू शकत नाही आणि त्याऐवजी एक नवाच ध्वनी, नव्या पोताचा, ऐकू येऊ लागतो. स्टॅनफर्डने या तंत्राचा परवाना यामाहाला दिला. डीएक्स-७ मध्ये अशा साध्या लहरी निर्माण करणारे सहा घटक आहेत, त्यांना ऑपरेटर म्हणतात. कोणी कोणाला कंप द्यायचा आणि कोणी प्रत्यक्ष ऐकू यायचे, याच्या ३२ मांडण्या वाद्याच्या दर्शनी भागावर आकृत्यांनी छापलेल्या आहेत.

आता वादकांच्या उजव्या हाताकडे पाहा. ते एकच पट्टी आधी हलकेच आणि मग जोरात दाबत आहेत. दुसऱ्या वेळी स्वर केवळ मोठा झालेला नाही. त्यात काचेवर टिचकी मारावी तशी धार आली आहे. प्रत्येक पट्टीखाली एकामागोमाग एक जुळणारे दोन संपर्कबिंदू असतात आणि त्या दोघांमधला वेळ मोजून वाद्य हाताचा जोर ठरवते. तो जोर ऐकू येणाऱ्या लहरीपर्यंत जातो, तसाच तिला कंप देणाऱ्या लहरीपर्यंतही पोचवता येतो, त्यामुळे जोराबरोबर आवाजाचा पोतच बदलतो. ठरावीक नमुना वाजवणाऱ्या अनेक स्वस्त कीबोर्डांवर फक्त आवाज लहान-मोठा होतो, आणि बोटांना हा फरक लगेच कळतो. या वाद्याच्या इलेक्ट्रिक पियानोचा १९८०च्या दशकात जगभर इतका वापर झाला की अनेकांना त्याचा वीट आला. तो वीट टोनचा नसून एकाच दाबाने वाजवणाऱ्या हातांचा असावा, असे हा टोन इथे ऐकल्यावर वाटते.

भावगीताच्या साथीला हे वाद्य घ्यायचे, तर मात्र काही अडचणी येतात. गायक काळी एकच्या सुरात (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून) आणि गायिका काळी चारच्या सुरात गाणार असेल, तर सूर सरकवण्याची सोय आहे, पण ती प्रत्येक टोनबरोबर स्वतंत्रपणे साठवली जाते. कडवे संपले, तंतुवाद्यांच्या टोनवरून बासरीवर गेलात आणि त्या बासरीत तेवढाच सरकाव नोंदवलेला नसेल, तर पुढचा वाद्यांचा तुकडा भलत्याच सुरात सुरू होतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, घ्यायची ती डावीकडच्या चाकाने. त्या चाकाचा आवाका एका सप्तकापर्यंत वाढवता येतो, तरी आमचे वादक तो दोनच अर्धस्वरांवर ठेवतात, कारण आवाका वाढला की अंगठ्याचा जराही चुकार धक्का सुराला लागतो. शिवाय चाक फिरवले की दाबलेले सगळेच स्वर एकदम सरकतात, म्हणून मींड असलेली जागा एकाच बोटाने वाजवावी लागते.

वाद्य सांभाळणे हा वेगळाच उद्योग आहे. हा नग जपानी बाजारासाठी बनलेला आहे, म्हणजे १०० व्होल्टचा. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर विद्युतपुरवठ्याचा भाग जळून जाईल. त्यामुळे स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा जड ठोकळा प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर न्यावा लागतो. पावसाळ्यातली दमट हवा आणि उन्हाळ्यातली धूळ पट्टीखालच्या संपर्कांवर बसते, मग एखादी पट्टी मुकी होते किंवा हलक्या स्पर्शालाही पूर्ण जोरात किंचाळते. वाद्य उघडून संपर्क स्वच्छ करणे हाच त्यावर उपाय आहे. टोन टिकवून धरणारा सेल मात्र खरी काळजी घ्यायला लावतो. तो नाण्याएवढा सीआर २०३२ जातीचा, तीन व्होल्टचा असतो आणि नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर सहज मिळतो, पण या वाद्यात तो सर्किटला डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेला आहे. तो उतरला की वाद्य चालू होते, पट्ट्या चालतात, आणि वर्षानुवर्षे जुळवलेले ३२ टोन मात्र पुसले जातात. म्हणून जुना डीएक्स-७ विकत घेताना सेलचा व्होल्टेज डिस्प्लेवर तपासून पाहावा आणि सर्व ६१ पट्ट्या आधी हळू, मग जोरात वाजवून पाहाव्यात. ३२ टोनांची सगळी माहिती ४,०९६ बाइटमध्ये मावते. ती मिडी केबलने संगणकावर उतरवून ठेवायला फारसा वेळ लागत नाही, आणि तरीही पुष्कळ मालक हे काम लांबणीवर टाकतात.

हे टोन एवढे जपावे लागतात, कारण ते पुन्हा बनवणे सोपे नाही. एका वेळी डिस्प्लेवर एकच आकडा दिसतो, तो सरकपट्टीने बदलायचा, ऐकायचे आणि पुढच्या आकड्याकडे जायचे. या पद्धतीला कंटाळून बहुतेकांनी तयार टोनांवरच समाधान मानले. आमच्या वादकांनी मात्र याच वाटेने पेटीचा टोन बांधला आहे. छापील आकृत्यांमधली पाचवी मांडणी त्यांनी निवडली, कारण तिच्यात दोन-दोन ऑपरेटरांच्या तीन जोड्या असतात आणि काही पेट्यांतही सुरांचे तीन संच असतात. एक जोडी त्यांनी निम्म्या कंपनसंख्येवर, म्हणजे खालच्या सप्तकात ठेवली. उरलेल्या दोन जोड्या मूळ स्वरावरच ठेवून एकमेकींपासून किंचित बेसूर केल्या. खऱ्या पेटीचे दोन संच तंतोतंत जुळत नाहीत आणि त्या सूक्ष्म फरकातूनच तिचा भरीव, किंचित थरथरता आवाज येतो. पहिल्या जुळणीत हा फरक जास्त झाला होता आणि टोन अकॉर्डियनसारखा वाजत होता. तो घटवत घटवत आता मनाजोगता झाला आहे.

पेटीवर मींड येत नाही, या आणि अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती आणि ती १९७१ पासून शिथिल होत गेली. या टोनला ती अडचण नाही, कारण चाक हाताशी आहे. अडचण होती ती भात्याची. भाता नसल्यामुळे स्वराला फुगवटा येत नव्हता, सूर एकसारखा सपाट उभा राहत होता. त्यासाठी वाद्याच्या मागच्या बाजूला आवाजाच्या पायपेडलची जागा आहे, तिथे पेडल जोडून भात्याचे काम पायाकडे दिले गेले. पेटीवर भात्यात अडकणारा डावा हात त्यामुळे मोकळा झाला, आणि आता तो चाकावर असतो.