फ्रिजवरचा फोल्डर

(हातात निळा प्लास्टिकचा फोल्डर)

नमस्कार. हा फोल्डर आमच्या फ्रिजवर ७ महिने पडून होता. आत बाबांचं पासबुक, मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्स आणि बँकेचा दोन पानी फॉर्म. भरायला फार तर अर्धा तास.

त्या ७ महिन्यांत मी पंखे पुसले, मसाल्याचे डबे घासले, भाचीचं शाळेचं प्रोजेक्टसुद्धा करून दिलं. आई विचारायची, "फॉर्म भरलास का गं?" मी म्हणायचे, "सोमवारी नक्की." मग मला कुणी आळशी म्हणेल का?

चालढकल आपण बहुतेक वेळा कामाची करतच नाही. ते काम हातात घेतलं की मनात जे दाटून येतं, ते आपल्याला नको असतं. कुणाला धाकधूक असते, की प्रबंधाचं प्रकरण गाईडला आवडलं नाही तर? कुणाला नुसता कंटाळा. मला 'मयत खातेदाराचे नाव' या रकान्यात बाबांचं नाव लिहायचं नव्हतं.

"सोमवारी" म्हटलं की लगेच हायसं वाटतं ना? गोची तिथेच आहे. टाळलं की बरं वाटतं, हे मनाला पाठ होतं. टिम पिचिल आणि फ्यूशिया सिरॉय हे संशोधक चालढकलीकडे असंच बघतात: प्रश्न वेळेच्या नियोजनाचा कमी, भावना सांभाळण्याचा जास्त. म्हणून नवी डायरी आणली तरी चार दिवसांनंतर ती कोरीच राहते.

आणि ही सुटका उधारीची असते. १९९७ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर झालेल्या एका अभ्यासात चालढकल करणारे सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत होते. सत्र संपताना मात्र ताण आणि दुखणी त्यांनाच जास्त, आणि गुणही कमी.

मग स्वतःला झापायचं का? मी रोज झापत होते. त्याने फोल्डर आणखी जड झाला. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातला २०१० चा अभ्यास वाचला, तेव्हा मला खरंच धीर आला. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला ती कमी केली.

दुसरा आधार मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचा. "फॉर्म भरायचाय" असं मोघम ठरवू नका. कधी, कुठे, कशानंतर, तेही ठरवा. मी ठरवलं: मंगळवारी सकाळचा चहा झाला, की कप बाजूला सारून त्याच टेबलावर फोल्डर उघडायचा. फक्त उघडायचा.

उघडला. आई शेजारी येऊन बसली. रकान्याशी पेन अडलं, तेव्हा तिने पासबुक पुढे सरकवलं आणि बाबांचं पूर्ण नाव हळूहळू वाचून दाखवलं. मी लिहीत गेले.

२० मिनिटं लागली.