कॅलेंडरच्या पाठीवरचा ड्रोन

(दृश्य : अमळनेर तालुक्यातलं कपाशीचं शेत, पहाट. पाठीवर पंप घेतलेला माणूस दोन ओळींमधून चालतो आहे. फक्त पंपाचा आवाज.)

भाद्रपदात कपाशी छातीला लागते. फवारणारा माणूस पुढं चालतो आणि आत्ताच ओली केलेली पानं त्याच्याच अंगाला पुसली जातात. पाठीवर सोळा लिटरचा चार्जिंगचा पंप, नाकाला उपरणं, पायात बऱ्याचदा काहीच नाही. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, तेव्हापासून आमच्या नानांचा फवारणीला माणूस सांगताना हात अडतो. आणि सांगायला माणूस मिळतोच असं कुठं आहे? पोळ्यानंतर आख्ख्या गावाला एकाच आठवड्यात फवारायचं असतं.

नाना म्हणजे माझे मामा. बोरीच्या काठाला त्यांची कोरडवाहू-बागायत मिळून अकरा एकर. मागच्या उन्हाळ्यात मी गेलो होतो, तेव्हा त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. शेन्झेनच्या कुठल्याशा दुकानाची जाहिरात होती. सोळा लिटरची टाकी, सहा पंखे, हिरव्यागार भातावर उडणारा ड्रोन. खाली किंमत, 2,300 डॉलर.

नानांनी विचारलं, “कितलाले पडस रे?”

डॉलरला 90 रुपये धरले. सोपा हिशोब. दोन लाख सात हजार.

नाना गप्प बसले. दोन लाख सात हजार म्हणजे काही फार नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मलाही तसंच वाटलं, हे इथं कबूल करतो.

(दृश्य : भिंतीवरचं खत-बियाण्याच्या दुकानाचं कॅलेंडर. हात ते खिळ्यावरून काढतो, उलटं करून खाटेवर ठेवतो. पेन्सिल.)

पुढचे दोन तास आम्ही या कॅलेंडरच्या पाठीवर लिहीत होतो. हे आकडे नमुन्याचे आहेत, कुठल्या एका दुकानाचे नाहीत. हिशोबाची रीत मात्र खरी आहे.

पहिली मेख जाहिरातीतच होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की बॅटरी आणि चार्जर वेगळे. बॅटरीशिवाय ड्रोन म्हणजे बैलाशिवाय गाडी. तीन बॅटऱ्या, प्रत्येकी 400 डॉलर धरल्या. चार्जर 300.

दुसरी मेख, ही किंमत कुठपर्यंतची? “एक्स-वर्क्स” लिहिलं असेल तर माल कारखान्याच्या दारात आहे, उचलायचा तुम्ही. बंदरापर्यंतची गाडी, तिथले निर्यातीचे कागद, सगळं तुमच्या डोक्यावर. “एफओबी” असेल तर विकणारा माल जहाजावर चढवून देतो. एक्स-वर्क्सचं एफओबी करायला आम्ही 200 डॉलर घातले. झाले 4,000.

जाहिरातीतला आकडा 2,300, आणि माल अजून चीनच्या किनाऱ्यावरच आहे.

(दृश्य : न्हावा शेवा बंदर, कंटेनर, क्रेन.)

आता जहाजाचं भाडं आणि विमा. जकात ही दुकानाच्या किमतीवर लागत नाही, ती भाडं आणि विमा मिळवून जो आकडा होतो त्याच्यावर लागते. त्याला सीआयएफ म्हणतात. भाड्याची पावती दाखवता आली नाही तर कस्टम्सचे नियम एफओबीच्या 20 टक्के भाडं धरतात आणि विम्याचा कागद नसेल तर 1.125 टक्के. आम्ही तेच धरलं. 800 आणि 45. एकूण 4,845 डॉलर, म्हणजे 4,36,050 रुपये. इथला डॉलरचा दर कस्टम्सनं जाहीर केलेला असतो. बँकेचा दर वेगळा, त्याची गोष्ट पुढं.

मूळ जकात नमुन्याला सरसकट 10 टक्के धरली. खरं तर मोटरला वेगळी, बॅटरीला वेगळी, प्रत्येक भागाचा कोड वेगळा. 43,605 रुपये. त्या जकातीवर पुन्हा 10 टक्के समाजकल्याण अधिभार, 4,361. आणि आता बघा, या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे बाहेरून आलेल्या मालावरचा जीएसटी. मालावर, भाड्यावर, विम्यावर, जकातीवर आणि अधिभारावरसुद्धा. 18 टक्के धरला तर 87,123.

नाना म्हणाले, करावर कर? मी म्हटलं, हो. व्यापाऱ्याची जीएसटी नोंदणी असते, तो हा आयजीएसटी पुढच्या विक्रीत वळता करून घेतो. ज्या शेतकऱ्याची नोंदणी नाही, त्याच्या खिशातून तो कायमचा जातो.

बेरीज 5,71,139.

कॅलेंडरवर खाली अजून जागा होती आणि खर्चही होते. परदेशातून माल मागवायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा नंबर लागतो. त्याची फी फक्त 500 रुपये, पण काढावा लागतो. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कस्टम्सचा कागद, भरायला कस्टम्सचा दलाल, म्हणजे सीएचए. मग जहाज कंपनीची डिलिव्हरी ऑर्डर, गोदामाचं भाडं, उतरवणावळ. अर्ध्या-पाव कंटेनरच्या मालात हीच गंमत असते. तिकडून येतानाचं भाडं स्वस्त सांगतात आणि इकडं उतरल्यावर वसूल करतात. याचे 35,000 धरले. एखादा कागद कमी पडून माल अडकला तर दिवसागणिक डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं चढतं, ते यात नाही. बँकेनं डॉलर विकताना वर लावलेले पैसे आणि परदेशी पैसे पाठवायची फी, 8,000. न्हावा शेव्याहून कसारा घाट चढून नाशिक, धुळे करत अमळनेरपर्यंत ट्रान्सपोर्ट, 8,000.

नानांनी पेन्सिल माझ्या हातून घेतली आणि बेरीज स्वतः केली. शाळेतल्यासारखे हातचे वर लिहून.

“बठ्ठं मियीसन सव्वासहा लाख?”

6,22,139. फोनवरच्या आकड्याच्या तिप्पट.

(दृश्य : बेरजेवर कॅमेरा. आकड्याखाली दोन रेघा. चहाचे कप.)

बॅटरीवर जरा थांबतो, कारण सगळं घोडं तिथंच अडतं. लिथियमची बॅटरी हा वाहतुकीच्या भाषेत धोकादायक माल. सुटी बॅटरी प्रवासी विमानातून माल म्हणून पाठवायला 2016 पासून जगभर बंदी आहे. मालवाहू विमानातून न्यायची तर तीस टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज ठेवता येत नाही. समुद्रानं आणा किंवा हवेतून, यूएन 38.3 ह्या बॅटरीच्या सुरक्षिततेच्या चाचणीचा दाखला लागतो. विकणाऱ्याकडं तो नसेल, किंवा दुसऱ्याच मॉडेलचा असेल, तर बॅटरी तिकडच्याच बंदरात पडून राहते आणि तुमच्या अंगणात येतो तो सहा पंख्यांचा शोपीस. रिमोटचंही तसंच. तो बिनतारी यंत्र आहे, त्याला दूरसंचार खात्याची वेगळी मान्यता.

आणि आता ती गोष्ट, जी खरं तर कॅलेंडरच्या पहिल्या ओळीत लिहायला हवी होती.

9 फेब्रुवारी 2022 ला विदेश व्यापार महासंचालनालयानं अधिसूचना काढली. परदेशी बनावटीचा ड्रोन भारतात आणायला बंदी. अख्खा असो, अर्धा जोडलेला असो की पूर्ण सुटा. सूट फक्त संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेसाठी, तीही ठरावीक संस्थांना, रीतसर परवानगी काढून. नाना त्यात बसत नाहीत. मीही नाही.

सुटे भाग आणायला मात्र बंदी नाही. आणि इथंच फोनवरचा विकणारा हळूच लिहितो, “काळजी नको साहेब, खोक्यावर आम्ही ‘पार्ट्स’ लिहितो.” हा सल्ला महागात पडतो. जकातीचा साधा नियम आहे की सुटी करून आणलेली वस्तू एकत्र आली तर ती पूर्ण वस्तूच समजायची. एकाच खोक्यात सांगाडा, सहा मोटरा, सहा पंखे, टाकी आणि कंट्रोलर निघाला की अधिकाऱ्याला तो ड्रोनच दिसणार. मग 1962 च्या कस्टम्स कायद्यानं माल जप्त आणि वर दंड. किंमत कमी दाखवायचा सल्लाही हेच लोक देतात. कस्टम्सला जाहीर केलेली किंमत पटली नाही तर ती नाकारायचा अधिकार त्यांना आहे.

समजा तोही अडथळा कसा तरी ओलांडला. ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणं शेतात उडवायच्या ड्रोनला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे मॉडेलच्या मान्यतेचा दाखला लागतो. तो मॉडेलला मिळतो, तुमच्या एका नगाला नाही. त्याशिवाय नोंदणी क्रमांक नाही, आणि क्रमांकाशिवाय उडवणं बेकायदा. चालवणाऱ्याकडं मान्यताप्राप्त संस्थेतून शिकून काढलेलं रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. विमा हवाच.

नाना माझ्याकडं बघत राहिले. “मंग हाई बठ्ठं कसाले लिखं?”

प्रश्न बरोबर होता. दोन तास पेन्सिल झिजवली ती कशाला?

(दृश्य : उघडलेला ड्रोन. मोटर, पंखा, बॅटरीची लाल-काळी वायर. हात पंख्याचा स्क्रू फिरवतो.)

कारण हा हिशोब वाया जात नाही. भारतात जोडलेला, सर्टिफिकेट असलेला ड्रोन घेतला तरी त्यातली बॅटरी, मोटर, कंट्रोलर बऱ्याचदा याच वाटेनं आलेला असतो. बॅटरी बदलायची वेळ आली की भाडं, जकात, अधिभार, आयजीएसटी, सगळं तुमच्या बिलात लपून येतं. 22 सप्टेंबर 2025 पासून ड्रोनवरचा जीएसटी 5 टक्के झाला, चांगलं झालं. पण दोन हंगामांनी बॅटरी एकटी घ्यायला जाल तेव्हा तिचा दर वेगळा असतो.

आमच्या नमुन्यात एक बॅटरी घरी येईपर्यंत 62,000 ला पडते. ती 400 वेळा भरली असं धरू. दहा लिटर पाण्यात एक एकर, एका एकराला एक बॅटरी. म्हणजे एकरामागं 155 रुपये फक्त बॅटरीचे झिजले. उरलेलं यंत्र 4,36,000 चं. तीन वर्षं चाललं, पावसाळ्यात खऱ्या अर्थानं फवारता येतील असे साठ दिवस, दिवसाला बारा एकर. एकरामागं 202. दोन्ही मिळून 357, आणि अजून कोणी शेतात पाय ठेवलेला नाही.

पायलट आणि हाताखालचा एक, दोघांचा रोज 1,700 धरला तर एकरामागं आणखी 142. पिकअप, पाण्याचा ड्रम, जनरेटरचं पेट्रोल. जनरेटर का, हे खान्देशात कुणाला सांगायला नको. शेतातली लाइट आठवड्याला पाळी बदलते, आणि ड्रोनच्या चार्जरला दाबून वीज लागते. शिवाय उतरलेली बॅटरी तापलेली असते, तिला लगेच चार्जरला लावायचं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात ती निंबाच्या सावलीत पडून राहते आणि तिच्यासोबत दोन माणसांचा रोजही.

नाना म्हणाले, गावात एकराला तीनशेच्या वर कोणी हात सोडणार नाही.

एक गोष्ट कॅलेंडरवर लिहिता आली नाही. शेजारच्या गावच्या एका पोरानं कुठून तरी जुना ड्रोन मिळवून चालवला होता. ऐन श्रावणात तो बांधावरच्या बाभळीला अडकला. नुकसान किती? ड्रोनचा एक हात, म्हणजे पंखा धरणारी दांडी, आणि दोन पंखे. नगाची किंमत काही हजार. पण तो हात बाहेरून यायला सहा आठवडे लागले. तोवर बोंडअळीची फवारणी, पाते गळायची फवारणी, सगळं निघून गेलं. ज्यांचे आगाऊ पैसे घेतले होते ते दारात. त्या पोराला विचारलं, तोटा किती झाला? तो हसला आणि म्हणाला, काका, हाताची किंमत सांगू की हंगामाची?

(दृश्य : बचत गटाच्या बायका ड्रोनभोवती. एक जण रिमोट गळ्यात अडकवते.)

नमो ड्रोन दीदी योजना 2023 च्या नोव्हेंबरात मंजूर झाली, 1,261 कोटींची. बचत गटाला किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख. योजनेबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, मला तिच्या पॅकेजची यादी वाचण्यासारखी वाटते. ड्रोनसोबत नेण्याची पेटी, चार जादा बॅटरी संच, जादा पंखे, नोझल, चार्जर, वारा मोजायचं यंत्र, पाण्याचा सामू बघायचं मीटर, पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, वर्षाचा विमा, दोन वर्षांची देखभाल. फोनवरच्या जाहिरातीत जे जे नव्हतं, ते बहुतेक इथं आहे. म्हणूनच तो आकडा दहा लाखांच्या घरात जातो. एकट्या शेतकऱ्यालाही यांत्रिकीकरणाच्या योजनेतून मदत आहे. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीला निम्मी रक्कम, 5 लाखांपर्यंत. बाकीच्यांना 40 टक्के, 4 लाखांपर्यंत.

नानांनी अकरा एकरांचा हिशोब मांडला. हंगामात पाच फवारण्या, पंचावन्न एकर. साठ दिवस सातशे वीस एकर फवारल्यावर जो ड्रोन एकराला 357 ला पडतो, तो पंचावन्न एकरांवर कितीला पडेल, हे त्यांनी लिहिलंच नाही. पेन्सिल कानावर ठेवली.

मग फोन उचलला. पारोळ्याकडच्या एका बचत गटाचा नंबर त्यांनी आधीच घेऊन ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

“ताई, रविवारी जमेल का? सकाळी सहाला या, वारा उठायच्या आत. पाणी मी भरून ठेवतो. आणि बांधावर दोन बाभळी आहेत, आधीच सांगतो.”

(दृश्य : कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर. रविवारच्या चौकोनात पेन्सिलीनं गोल.)