जुना वस्तरा पुन्हा धारेवर आणताना

श्रोतेहो, नमस्कार. माळ्यावरच्या ट्रंकेत किंवा जुन्या सलूनच्या धोकटीत इंग्लंडमधल्या शेफिल्डचा नाहीतर जर्मनीतल्या सोलिंगेनचा वस्तरा सापडला, की हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. तो आवरा. पहिल्यांदा धारेची अख्खी लांबी भिंगाखाली पाहा. पाठीवर, म्हणजे धारेसमोरच्या जाड कडेवर, डाग राहिले तरी दाढी उत्तम होते. पण धारेलगत काळे खड्डे असले, तर निसताना, म्हणजे दगडावर धार लावताना, धार तिथवर पोचते आणि दाते पडतात. भेग दिसली, तर तो वस्तरा फक्त जपून ठेवण्यापुरता.

पातं मिटल्यावर जेवढा भाग मुठीत राहतो तेवढाच गंजलाय का? मग दोष बहुधा मुठीचा. जुनं सेल्युलॉइड, म्हणजे मुठीचं जुन्या काळचं प्लॅस्टिक, कुजलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते. अशी मूठ काढून टाकावी. आणि सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, हे विसरू नका. मूठ धड असेल तर रिव्हेटला, म्हणजे मूठ जोडणाऱ्या खिळ्याला, हात लावायचं कारणच नाही.

गंजावर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी चार शून्य नंबरच्या स्टील वूलने पुसा. तरी राहिला, तर धारेवर टेप लावा, पातं लाकडी ठोकळ्यावर टेकवा आणि ओला वॉटर पेपर फिरवा: 600, 1000, मग 2000. सोनेरी नक्षी असेल तर तिच्यापासून लांब राहा, दोन हातांत ती पुसली जाते. बफिंगचं चाक तर नकोच. धारेपाशी पातं इतकं पातळ असतं की ते क्षणात तापतं आणि पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतो. मग कितीही निसा, धार टिकत नाही.

पाठही घासून बारीक करू नका. निसताना पाठ आणि धार दोन्ही दगडावर टेकतात, म्हणजे धारेचा कोन पाठीची जाडीच ठरवते. पातं 16 मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेचार मिलिमीटर जाड, तर कोन 16 अंशांच्या आसपास येतो.

आता दगड. तो आधी सपाट करून घ्या. 1000 नंबरच्या दगडावर (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) धार पुढे ठेवून, वस्तऱ्याच्या वजनाइतक्याच दाबाने चालवा. पातं उलटवायचं ते पाठीवरून. दगडावरच्या पाण्याकडे नीट बघा: पाण्याची बारीक लाट टोकापासून बुडापर्यंत धारेपुढे सरकली पाहिजे. जिथे पाणी धारेखालून निसटतं, तिथे धार अजून टेकलेली नाही. हा टप्पा अर्धवट सोडला तर पुढचे दगड काही भरून काढत नाहीत. धार लागत नाही म्हणणाऱ्यांची बहुतेक चूक इथेच असते. नंतर 4000, 8000, जमल्यास 12000.

शेवटी चामड्याचा पट्टा, इथे मात्र पाठ पुढे. 50-60 फेऱ्या पुरतात. पट्टा ताणलेला हवा, सैल पट्ट्यावर धार गोल होते.

पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, दाढीनंतर पातं कोरडं करून त्याच मशीनच्या तेलाचा हात द्या. खोबरेल नको, ते चिकट होतं.