भुईमुगाची पेंड

नमस्कार श्रोतेहो.

ज्यांच्या दारात म्हैस बांधलेली आहे त्यांना पेंड म्हणजे काय, हे सांगायला नको. शेंगदाण्याचं तेल गाळून झाल्यावर घाण्याला उरतो तो चोथा. आमची आजी दुपारीच ती बादलीत भिजत घालायची आणि धारेच्या वेळी म्हशीपुढे आंबोण ठेवायची. लहानपणी वासाला भुलून मी एक तुकडा तोंडात टाकला होता. तो टाळूला चिकटला, आणि पाठीत धपाटा बसला. "जनावराचं खाणं ते!"

सुदानमध्ये भुईमुगाच्या पेंडीला अंबाझ म्हणतात. उत्तर दार्फूरमधल्या एल फाशेर या शहरातली माणसं २०२५ साली कित्येक महिने ही पेंड भिजवून, शिजवून खात होती. पुढे पुढे तीही मिळेनाशी झाली.

आपल्याला वाटतं, आफ्रिका म्हणजे दुष्काळ. पाऊस पडला नसेल, झालं. पण सुदान हा भुईमूग, तीळ, ज्वारी पिकवणारा देश आहे. तिथली उपासमार आभाळातून पडलेली नाही. १५ एप्रिल २०२३ला जनरल बुरहान यांचं लष्कर आणि 'हेमेदती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दगालो यांचं निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडलं. 'ऑपरेशन कावेरी' आठवत असेल. पोर्ट सुदानहून नौदलाच्या जहाजाने जेद्दा, तिथून विमानाने दिल्ली नाहीतर मुंबई, अशी आपली माणसं घरी आली. ती आली आणि सुदान आपल्या बातम्यांतून गेला. त्यानंतर तिथे सव्वा कोटीच्या आसपास माणसं घरांतून उठली.

मे २०२४पासून निमलष्करी दलाने एल फाशेरला वेढा घातला. शहराभोवती मातीचा उंच बांध घातला. आपण शेताला बांध घालतो, तो पाणी अडवायला. इथे माणसं आणि धान्य अडवायला. शहराजवळच्या झमझम या विस्थापितांच्या छावणीत दुष्काळ असल्याचं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ऑगस्ट २०२४मध्ये जाहीर केलं. जून २०२४मध्ये सुरक्षा परिषदेने वेढा उठवा असा ठराव केला होता, क्रमांक २७३६. त्याआधी २०१८चा २४१७ क्रमांकाचा ठराव आहेच: नागरिकांना उपाशी ठेवणं हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरू नये. कागद भक्कम आहेत. बांध घालणाऱ्याने ते वाचले नसावेत.

दुसऱ्या बाजूचं लष्करही धुतल्या तांदळासारखं नाही. शेजारच्या चाड देशातून दार्फूरमध्ये धान्य नेण्याचा जवळचा रस्ता आद्रे नावाच्या नाक्यावरून जातो. लष्कराच्या सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये तो बंद केला, कारण तिथून शत्रूला शस्त्रं जातात. तो उघडला ऑगस्टमध्ये. मधला काळ म्हणजे शेतकऱ्याच्या घरातली कणगी रिकामी होण्याचा. निमलष्करी दलाला शस्त्रं पुरवल्याचा आरोप संयुक्त अरब अमिरातीवर आहे, ती तो नाकारते. बंदुका कुठून का येईनात, त्यांना परवान्याची वाट पाहावी लागली नाही एवढं खरं. परवाना लागतो तो पिठाला.

जून २०२५च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचे १५ ट्रक पोर्ट सुदानहून एल फाशेरकडे येत होते. अठराशे किलोमीटर! शहर ऐंशीएक किलोमीटरवर राहिलं असताना अल कोमा इथे ताफ्यावर हल्ला झाला, पाच जण मारले गेले, ट्रक पेटले. त्या ट्रकांत कुपोषित मुलांसाठीचा पोषक आहारही होता.

मग इतके महिने ही माणसं तगली कशी? सुदानमध्ये 'नफीर' म्हणून चाल आहे. एकाचं घर बांधायचं असो की पीक काढायचं, सगळा गाव धावून येतो. आपल्याकडची इर्जिक म्हणा ना. त्यातूनच या युद्धात गल्लोगल्ली तरुण पोरापोरींच्या 'आपत्कालीन खोल्या' उभ्या राहिल्या. मिळतील तिथून पैसे गोळा करायचे आणि एका मोठ्या पातेल्यात मसूर किंवा घुगऱ्या शिजवून गल्लीला जेवू घालायचं. या अन्नछत्रांना तिथे 'तकिया' म्हणतात. फकिराचा तकिया हा शब्द आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी असायचा, तोच हा. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा यांतली शेकडो पातेली चुलीवरून उतरली. त्याच वर्षी या तरुणांना नॉर्वेचा राफ्तो पुरस्कार मिळाला. तो मानवी हक्कांसाठीचा पुरस्कार आहे, आणि मला ते फार योग्य वाटतं. पातेलं चढवणं हे आपण दयेत मोजतो. वेढ्यात अडकलेल्या माणसाला जेवू घालणं हा त्याच्या हक्काचा भाग आहे, म्हणून तर ही पोरं पकडली गेली, मारलीही गेली.

२६ ऑक्टोबर २०२५ला एल फाशेर पडलं. त्यानंतर तिथे जी कत्तल झाली, इस्पितळातसुद्धा, तिचं वर्णन मी या वेळी करणार नाही. घरात मुलं ऐकत असतील.

जी निसटली ती सुमारे साठ किलोमीटरवरच्या तविला गावाकडे चालत निघाली. तिथे पोचलेल्या लेकराच्या दंडाला आधी एक पट्टी गुंडाळतात. आपल्या अंगणवाडीताईंना ती ओळखीची आहे, दंडघेर मोजायची. हिरवा, पिवळा, लाल. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल. २७ ऑक्टोबरला पोचलेल्या पाच वर्षांखालच्या सत्तर मुलांना डॉक्टरांनी तपासलं, तर एकूण एक मूल कुपोषित निघालं.

पट्टी लाल दाखवते त्या मुलाच्या हातात एक पाकीट देतात. कोपरा फाडून चोखायचं. आत दूध पावडर, साखर, तेल आणि शेंगदाण्याचा कूट.

नमस्कार.