आकार नव्हे, घाट

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या विषयात ‘आकार’ हा शब्द छापलाय आणि मी सुरुवातच त्या शब्दाशी भांडून करणार आहे. आपण म्हणतो, ‘चंद्राचा आकार गोल’, आणि आपणच म्हणतो, ‘ही कैरी आकाराने लहान’. शब्द एक, गोष्टी दोन. माझ्या आजीकडे यातल्या पहिल्या गोष्टीसाठी नेमका शब्द होता: घाट. ‘कळशी मोठी आहे गं, पण घाट बरा नाही,’ असं म्हणून ती तांबट आळीतून रिकाम्या हाताने परत यायची. तेव्हा आज मी घाट म्हणणार. पोकळ पॉलिमर-कणांचा घाट.

हे कण कसे जमतात ते इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांब साखळी. आमच्या साखळीचं एक टोक पाण्यात रमणारं, दुसरं पाण्यापासून पळणारं. द्रावकात विरघळलेल्या अशा साखळ्यांत हळूहळू पाणी सोडलं, की पळणारी टोकं एकमेकांना बिलगतात, पापुद्रा तयार होतो आणि तो मिटून पिशवी होते. कुणी शिवत नाही, कुणी चिकटवत नाही. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डिशर आणि हॅमर यांच्या चमूने या पिशव्यांना ‘पॉलिमरसोम’ म्हटलं. पेशीच्या पापुद्र्यापेक्षा यांचा पापुद्रा जाड आणि खूप चिवट.

आता माझं जुनं दुखणं. संशोधनाच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशाच पिशव्या करत होते, पाण्यात रमणारं पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि पाण्यापासून पळणारं पॉलिस्टायरीन जोडलेल्या साखळ्यांच्या. आम्हाला साधे गोळे हवे होते. द्रावक धुऊन काढायचा म्हणून नमुना डायलिसिसच्या नळीत, म्हणजे द्रावक पार होईल पण कण अडतील अशा नळीत, बांधून रात्रभर पाण्यात ठेवला. आदल्या दिवशी डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कण मोजणाऱ्या यंत्रावर, व्यास आला होता चारशे नॅनोमीटर. सकाळी आला दोनशे पंच्याऐंशी. तिथले वरिष्ठ म्हणाले, ‘कण आकसले. वाया गेले. ओतून टाक.’

मी ओतले नाहीत. डीएलएस काय करतं, हे जरा मनात आणा. लेसरच्या झोतात कण किती चपळ थरथरतो हे ते बघतं, आणि त्यावरून सांगतं की एवढं थरथरणारा गोळा एवढ्या व्यासाचा असेल. गोळा! कण वाटीसारखा असो की काडीसारखा, यंत्र त्याला गोळा समजूनच आकडा देतं. आकडा खोटा नसतो, पण त्यात घाट नसतो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची पाळी तीन आठवड्यांनी होती. तेवढे दिवस ती बाटली मी फ्रीजच्या मागच्या कप्प्यात जपली. एका रात्री खोलीवर सहज भागाकार केला: चारशे भागिले दोनशे पंच्याऐंशी. एक पूर्णांक चार. दोनाचं वर्गमूळ! मी उठून बसले. कारण रबरी चेंडूतली हवा काढून त्याची अर्धी बाजू आत दाबली, तर तेवढ्याच कातड्याची दुपदरी वाटी होते. वाटी जवळजवळ मिटून आली, तर बाहेरून एक गोळा, आतून एक गोळा. कातडं तेच, पदर दोन, म्हणून व्यास वर्गमूळ दोनाने कमी. पापुद्र्याची जाडी इथे मी सोडून दिली आहे. कण आकसलेच नव्हते, दुमडले होते.

तीन आठवड्यांनी पडद्यावर वाट्याच वाट्या दिसल्या, प्रत्येकीला एक तोंड. मग वाचन केलं तर कळलं, की नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या व्हॅन हेस्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्येच हे दाखवलं होतं, त्याला नावही दिलं होतं: स्टोमॅटोसाइट. मला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटतं, की आजही नमुन्याच्या बाटलीवर एकच आकडा लिहितात आणि घाटासाठी रकानाच नसतो. अशा किती वाट्या बेसिनमध्ये गेल्या असतील!

घाटाने काय फरक पडतो म्हणाल, तर ज्युली चॅम्पियन आणि माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, शिकलेले समीर मित्रगोत्री यांचं २००६ चं काम बघा. लांबट कण टोकाकडून भिडला, तर भक्षक पेशी, म्हणजे शरीरात आलेलं परकं काही गिळून टाकणारी पेशी, त्याला काही मिनिटांत गिळते. तोच कण सपाट बाजूने भिडला, तर बारा तासांनंतरही गिळत नाही, नुसती त्यावर पसरते. औषध वाहून नेणाऱ्या कणाच्या बाबतीत हा केवढा फरक आहे!

संयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे कबूल केलेला विषय, या कणांचा घाट मुद्दाम कसा बदलायचा तो, आता धावत सांगते.

एवढ्या पृष्ठफळात सगळ्यात जास्त घनफळ मावतं ते गोळ्यात. म्हणून गोळा मोडायचा तर आतलं घनफळ कमी करायचं, पापुद्रा तेवढाच ठेवून. डायलिसिसमध्ये आतला द्रावक चटकन बाहेर जातो, पाणी त्या वेगाने आत येत नाही, आणि पिशवी बसते. मिठाच्या पाण्यात ठेवलं तरी तेच, मीठ पाणी बाहेर ओढतं.

बसून काय होणार, वाटी की नळी? ते ठरवतो पापुद्र्याचा स्वतःचा कल, कुठल्या बाजूला वाकायला तो राजी आहे ते. भौतिकशास्त्रज्ञ हेल्फ्रिश यांनी १९७३ मध्ये या वाकण्याच्या ऊर्जेचं गणित मांडलं. पॉलिस्टायरीनच्या पिशव्या द्रावक जाताना चपट्या होऊन वाट्या होतात. पॉलिस्टायरीनऐवजी पॉलिलॅक्टाइड हे पॉलिमर वापरलेल्या पिशव्या मिठाच्या पाण्यात लांब होऊन नळ्या होतात.

आणि थांबवायचं कसं? पॉलिस्टायरीन खोलीच्या तापमानाला काचेसारखं कडक असतं, द्रावक मुरलेला असेल तोवरच मऊ. हव्या त्या क्षणी नमुना भरपूर पाण्यात ओतला, की पापुद्र्यातला द्रावक निघून जातो आणि घाट गोठतो. लवकर ओतला तर तोंड रुंद, उशिरा ओतला तर अरुंद.

२०१२ मध्ये नायमेखनच्याच डॅनिएला विल्सन यांनी सहकाऱ्यांसह वाटीच्या पोकळीत प्लॅटिनमचे कण अडकवले आणि बाहेर हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं. आत प्लॅटिनममुळे त्याचं विघटन होऊन ऑक्सिजन तोंडातून बाहेर पडू लागला आणि वाटी पुढे सरकू लागली. साध्या गोळ्याला तोंडच नाही, तो कुठून सरकणार? पहिल्या रांगेतल्या काकांचा हात केव्हाचा वर आहे, विचारा.