ज्या न्यायाधीशाच्या हातात जवळजवळ काहीच नव्हतं

कोर्टात समोर उभा असलेला आरोपी मनाने गंभीर आजारी आहे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलंय. तरी न्यायाधीशाला त्याला रस्त्यावर सोडून द्यावं लागतं. ही गोष्ट २००० सालची, अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातल्या मायामीची. न्यायाधीश होते स्टीव्हन लीफमन, मायामी-डेड काउंटी कोर्टाचे.

काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पण म्हणून आपल्या जिल्हा न्यायाधीशांसारखं पद डोळ्यांपुढे आणू नका. फ्लोरिडात काउंटी कोर्ट म्हणजे सगळ्यात खालची पायरी. किरकोळ गुन्हे, जास्तीत जास्त एक वर्ष शिक्षेचे, आणि छोटे दिवाणी दावे.

आता तो आरोपी कोण होता ऐका. हार्वर्डमध्ये शिकलेला मानसोपचारतज्ज्ञ! पुढे त्यालाच स्किझोफ्रेनिया, म्हणजे भ्रम-भास होणारा गंभीर मानसिक आजार झाला, घरदार सुटलं. सुनावणीआधी त्याचे आईवडील लीफमनना भेटून गेले होते, मुलाला उपचार मिळू देत म्हणून. कोर्टात मात्र तो ओरडायला लागला, हे माझे आईवडील नाहीतच, ते तोतये आहेत. खटल्याला सामोरं जाण्याच्या मनःस्थितीत तो नव्हता, आणि अशा माणसाला सक्तीने दवाखान्यात पाठवायचा अधिकार या कोर्टाला नव्हता. सुटका!

माझ्या मते लीफमन यांचं खरं काम इथून सुरू होतं. अधिकार नाही म्हणून त्यांनी फाईल बंद केली नाही. पोलीस, सरकारी वकील, बचावाचे वकील, डॉक्टर, रुग्णांचे नातेवाईक, सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. न्यायाधीशाने बोलावल्यावर ‘वेळ नाही’ म्हणायची हिंमत सहसा कुणी करत नाही. निकालपत्रापेक्षा हीच ताकद त्यांनी जास्त वापरली.

त्यातून दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक, पोलिसांना ४० तासांचं प्रशिक्षण: भ्रम झालेल्या माणसाशी बोलायचं कसं, हातघाईवर न येता त्याला दवाखान्यापर्यंत न्यायचं कसं. ही पद्धत मूळची मेम्फिस शहराची, १९८८ची. दुसरी, अटक झालीच तर किरकोळ गुन्ह्यातल्या रुग्णाला तुरुंगातून एक-दोन दिवसांत उपचार केंद्रात हलवायचं. उपचार घेतले तर खटला सौम्य होतो किंवा मागे घेतला जातो. असे लोक वर्षभरात पुन्हा पकडले जाण्याचं प्रमाण सुमारे ७५ टक्के होतं, ते २० टक्क्यांवर आलं.

आणि पैशांचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे एक हिशेब तयार असायचा. फक्त ९७ माणसं. पाच वर्षांत त्यांना जवळपास २,२०० वेळा अटक झाली, तुरुंगात २७,००० दिवस गेले. करदात्यांचे एक कोटीहून जास्त डॉलर खर्च झाले आणि बरं कोणीच झालं नाही. नगरसेवक असो की आमदार, दयेच्या भाषणापेक्षा हा आकडा लवकर पटतो.

काउंटीतल्या अटका वर्षाला सुमारे १,१८,००० होत्या, त्या ५३,००० पर्यंत खाली आल्या. सगळं श्रेय एका माणसाला देऊ नये, गुन्हेगारी इतर कारणांनीही घटते. पण काउंटीला एक तुरुंग बंद करता आला, हे खरं. २०१५ मध्ये राज्य न्यायालयांच्या न्यायाधीशांसाठीचा मानाचा विल्यम रेनक्विस्ट पुरस्कारही त्यांना मिळाला.

अडलं कुठे? इमारतीत. अशा रुग्णांसाठी एक मोठं केंद्र उभारायचं होतं: २०८ खाटा, आतच कोर्टरूम, उपचारानंतर राहायची सोय, कामाचं प्रशिक्षण. २००४ मध्ये मतदारांनी त्यासाठी कर्जरोखे काढून पैसा उभारायला मंजुरी दिली. इमारत उभी राहिली. मग प्रश्न आला, रोजचा खर्च कोण भरणार? त्यावर काउंटीच्या सभागृहात तारखांवर तारखा. लीफमन निवृत्त झाले तरी त्या केंद्रासाठी त्यांचे हेलपाटे चालूच राहिले, फरक इतकाच की आता बैठक बोलावणारे ते नव्हते.